संशय घ्यायची मुभा

"मावशी, ती बाई खोटं बोलतेय! डोळे बघ ना तिचे, सारखी खाली बघतेय," भाचा ओरडला आणि मी नेमकं उलटं बटण दाबलं. व्हिडिओ गेममधल्या १९४७ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये माझा डिटेक्टिव्ह तोंडघशी पडला, साक्षीदार बाई गप्प झाली आणि हाताशी आलेला धागा गेला. भाच्याने कपाळावर हात मारून घेतला. "एवढी वर्षं वकिली करतेस ना गं तू?"

वकिली करते म्हणूनच चुकले. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात पंचवीस वर्षं फौजदारी कामं केल्यावर एक कळतं, की खाली बघण्यावरून काहीच कळत नाही. सुरगाण्याकडची बाई जन्मात पहिल्यांदा पिंजऱ्यात उभी राहते. समोर साहेब, मागच्या बाकावर दीर आणि सासरा, आणि वकील तिला "तुमचं असं म्हणणं आहे का, की सदर इसम" असल्या मराठीत काहीतरी विचारतोय. ती खालीच बघणार. सराईत मात्र तुमच्या डोळ्यांत डोळे घालून, रामकुंडावर उभं राहून शपथ घेतल्यासारखा, सपशेल खोटं बोलतो.

'एल. ए. न्वार' हा गेम २०११ मध्ये आला तेव्हा त्याचं कौतुक झालं ते नेमकं या चेहऱ्यांसाठी. नटाभोवती ३२ कॅमेरे लावून त्याच्या चेहऱ्याची हालचाल न् हालचाल टिपली होती. खेळणाऱ्याने तो चेहरा वाचायचा आणि 'खरं', 'शंका', 'खोटं' यांतलं एक निवडायचं. २०१७ मध्ये तोच गेम पुन्हा आला तेव्हा या तीन पर्यायांची नावं बदलली होती: 'चांगला पोलीस', 'वाईट पोलीस' आणि 'आरोप'. मला हा बदल फार प्रामाणिक वाटला. साक्षीदार कसा आहे हे सांगायचं सोडून बटण आता तपास करणारा काय करतोय ते सांगतं. आमच्याकडेही जबाब वाचताना मी आधी जबाब घेणारा कोण ते बघते.

इतकी कुरकुर करूनही कोर्टाच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तो गेम संपवला, आणि मग त्या जातीचे आणखी चार-पाच. सगळे तपासाचे, सगळे जुन्या काळात घडणारे. पन्नाशीच्या बाईने रात्री अकरा वाजता हातात कंट्रोलर धरून अठराव्या शतकातले खून सोडवावेत, याचं घरात बरंच हसं झालं. पण या आवडीत निव्वळ करमणुकीपलीकडचं काहीतरी आहे, आणि जे राज्य सकाळी उठल्यापासून इतिहासाचं नाव घेतं त्या राज्याला ते फार उपयोगी पडेल, असं मला वाटायला लागलं आहे.

लोक याचं एक ठरलेलं कारण सांगतात: जुन्या काळात मोबाइल नव्हता. ते अर्धं खरं आहे. आजच्या खुनाच्या चार्जशीटमध्ये निम्मी पानं सीडीआर, म्हणजे मोबाइलच्या कॉलची नोंद, आणि टॉवर लोकेशनची असतात, उरलेल्यात सीसीटीव्हीचे फोटो. तपास अधिकारी खुर्चीवर बसून गुन्हा उलगडतो. यात चूक काही नाही, अनेकांना न्याय मिळतो. पण त्याचा गेम केला तर खेळणाऱ्याने करायचं काय? कंपनीला पत्र पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. जुन्या काळात मात्र चिखलातला पाय, बाहीवरचा डाग, कोण कोणाशेजारी बसतो, कोणाचं नाव घेतल्यावर स्वयंपाकघरातला आवाज थांबतो, एवढंच हाताशी असतं. बघावं लागतं आणि बोलावं लागतं.

मला तर तो काळ फार जुनाही वाटत नाही. सनद घेतल्यापासून ३० जून २०२४ पर्यंत ज्या पुरावा कायद्यावर मी पोट भरलं, तो १८७२ सालचा होता. १ जुलै २०२४ ला भारतीय साक्ष्य अधिनियम आला; पंचवीस, सव्वीस, सत्तावीस ही आमची पाठ झालेली कलमं एका तेवीस नंबरच्या कलमात जाऊन बसली. आशय बराचसा तोच. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे इंग्रजांनी लिहून ठेवलं. आपल्याच पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि आपण तो अविश्वास दीडशे वर्षं इमानाने सांभाळला. धुकं, घोडागाडी आणि गॅसच्या दिव्यांची लंडन दाखवणारे गेम बघून लोक 'काय तो काळ' म्हणतात. मी रोज सकाळी साडेदहाला त्याच काळात हजेरी लावत होते.

त्या काळावर आपला हक्कही आहे. डिटेक्टिव्ह म्हटलं की भिंग आणि बोटांचे ठसे डोळ्यांसमोर येतात. ते ठसे पहिल्यांदा सरकारी कामात आले बंगालमध्ये. १८५८ साली हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि ठसे लावून ठेवण्याची, शोधून काढण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी अंमलदारांचा मोठा वाटा होता. स्कॉटलंड यार्डात हा विभाग निघाला १९०१ मध्ये. म्हणजे ज्या शास्त्राच्या जोरावर लंडनच्या डिटेक्टिव्हचा दरारा बसला, त्यातलं बरंचसं आपल्याकडच्या कचेऱ्यांत घामाघूम बसलेल्या कारकुनांनी घडवलेलं. गेममध्ये हे क्वचितच दिसतं.

ज्या एका गेमने मला हा सगळा प्रकार गंभीरपणे घ्यायला लावलं, तो म्हणजे 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला, २०१८ चा. ओब्रा डिन हे जहाज १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालं, केपला पोचलंच नाही, बुडालं असं धरलं गेलं आणि १८०७ मध्ये फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलं. जहाजावर जिवंत कोणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचे निरीक्षक. हातात साठ जणांची यादी, जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली काही चित्रं आणि एक विलक्षण घड्याळ. मृतदेहाजवळ ते उघडलं की मरणाच्या आधीचे काही आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात तुम्ही हिंडायचं. प्रत्येकाचं नाव, तो कसा मेला आणि कोणाच्या हातून, एवढं वहीत भरायचं.

त्यातली खरी हुशारी अशी, की तुमचं उत्तर बरोबर की चूक हे गेम लगेच सांगत नाही. तीन जणांचं सगळं बरोबर भरलं की मगच ते तिन्ही एकदम पक्के होतात. त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. एका खलाशाचं नाव मी त्याच्या झोपायच्या झोळीवरच्या आकड्यावरून काढलं, एकाचं बोलण्याच्या धाटणीवरून, एकाचं तो जेवताना कोणात बसतो यावरून. यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. खलाशांच्या गर्दीत आपली माणसं शोधताना मी पडद्याजवळ इतकी वाकले की भाचा म्हणाला, "नातेवाईक सापडला का?"

अख्खा गेम दोनच रंगांत आहे, जुन्या छापील चित्रासारखा ठिपक्या-ठिपक्यांचा. आणि शेवटी काय होतं? खुन्याला बेड्या पडत नाहीत. कंपनी हिशेब करते. कोणाच्या वारसाला किती भरपाई द्यायची आणि कोणाच्या मालमत्तेतून दंड कापायचा, एवढाच निकाल. मोटार अपघाताचे क्लेम चालवलेल्या कुठल्याही वकिलाला हा शेवट ओळखीचा वाटेल. माणूस गेला, त्याचं वय किती, मिळकत किती, अवलंबून किती. मला त्या कोरड्या हिशेबाने जितकं अस्वस्थ केलं तितकं रक्ताने केलं नाही. ओब्रा डिन निघालं त्याच १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, हे भाच्याला सांगितलं. शाळेत तो तह त्याने पाच मार्कांसाठी पाठ केला होता. कंपनी म्हणजे नेमकं काय, हे त्याला त्या वहीतल्या हिशेबाने कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: अशा गेममध्ये भूतकाळ पूजेला किंवा शोभेला ठेवलेला नसतो. तो हाताळायला दिलेला असतो. प्रत्येक माणसावर संशय घेता येतो, प्रत्येक कागद उलटून बघता येतो, चुकलं तर मत बदलता येतं. आजच्या गुन्ह्यावर संशय घेणं महाग पडतं. त्यात कोणाची जात असते, कोणाचं गाव, कोणाचा पक्ष. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावर ती मुभा असते. परदेशातल्या खेळणाऱ्याला जुना काळ आवडतो तो मला वाटतं या मोकळिकीसाठी, टोप्या आणि ट्रामगाड्यांसाठी फार कमी.

आपलं नेमकं उलट झालं आहे. चालू गुन्ह्याबद्दल चहाच्या टपरीवर कोणीही काहीही बोलतं. शेजाऱ्याला खुनी ठरवायला आपल्याला दहा मिनिटं लागतात. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल 'याला पुरावा काय?' असं विचारलं की हवा बदलते. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत जमाव घुसला, कपाटं फोडली, हस्तलिखितं भिरकावली. राग शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावर होता आणि हात पडला तो पुराव्यावर. वकील म्हणून मला त्या घटनेतली ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते. आरोप पटला नाही म्हणून कोणी मुद्देमालाची खोली जाळत नाही. मी काही भक्तीविरुद्ध नाही. जयंतीची वर्गणी देते, पालखीला हात जोडते. पण देव्हाऱ्यातली मूर्ती आणि पंचनाम्यातली वस्तू यांना हात लावायचे नियम वेगळे असतात, आणि आपण सगळा इतिहास उचलून देव्हाऱ्यात ठेवला आहे.

वास्तविक खुणा वाचायची सवय नाशिककराच्या अंगात आहे. पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे टीव्ही सांगतो, पण गावातला माणूस विचारतो, "दुतोंड्या मारुतीला कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून कुठल्या गल्लीत पाणी शिरणार हे त्याला कळतं. १९६९ च्या पुराची खूण म्हणून अजून गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे बोट दाखवतात. ही शुद्ध तपासनिसाची नजर आहे.

याहून मोठा तपास आपल्या जिल्ह्यात होऊन गेला आहे. १९०६ मध्ये जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० नाणी, क्षत्रप नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर दुसऱ्याच राजाने आपला ठसा मारलेला: एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनीचं चिन्ह. हा ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा. आता पांडवलेण्यातल्या तीन नंबरच्या लेण्यात जा. तिथे गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून घेतलेला लेख आहे. त्यात मुलाचं एक बिरुद आहे: 'खखरातवस निरवसेसकरस', म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. नहपान क्षहरात होता. आईने लेकाची स्तुती केली तर कोर्ट तिला हितसंबंधी साक्षीदार म्हणेल आणि नुसत्या तिच्या शब्दावर निकाल देणार नाही. पण जिल्ह्यात दुसरीकडे मातीतून निघालेलं नाणं, जे कोणाची आई नाही, तेच सांगत असेल तर? यालाच आम्ही दुजोरा म्हणतो. ओब्रा डिनच्या वहीत तीन नावं एकदम पक्की होतात तेव्हा होणारा आनंद अगदी या जातीचा आहे. शाळेत हा धडा 'गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला' अशा एका ओळीत उरकतात. उत्तर देतात, तपास काढून घेतात.

मग नाशिकवर असा गेम करायचा तर कुठला? मी हे कोणाला विचारलं की पहिलं नाव जॅक्सनचं येतं. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपासाठी 'शारदा'चा प्रयोग. औरंगाबादहून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि तो खटला पुढे पाठवणारा जॅक्सनच होता. शिवाय हाच जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी, 'पंडित' म्हणवून घेणारा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. आज ज्या मैदानावर आपण रणजीचे सामने बघतो त्याला कान्हेऱ्यांचं नाव आहे.

देखावा तयार आहे: रंगमंच, दिवे, खच्चून भरलेलं थिएटर, पिस्तुलं लंडनहून आलेली. पण डिटेक्टिव्ह गेमचा ठोकळा इथे बसत नाही. गोळी कोणी झाडली हे अख्ख्या थिएटरने बघितलं. मग शोधायचं काय उरतं? 'याच्यामागे आणखी कोण?' हा प्रश्न गोऱ्या सरकारचा होता. तो सोडवणारा खेळाडू सरकारचा माणूस होतो, आणि त्याने एकेक दुवा बरोबर जुळवला की एकेक पोरगा फासाकडे किंवा अंदमानाकडे सरकतो. इथे या सगळ्या साहित्यप्रकाराची एक जुनी गोम उघडी पडते: डिटेक्टिव्ह हा नेहमी व्यवस्थेच्या बाजूने उभा असतो, आणि व्यवस्था न्यायाची आहे असं आपण न सांगता धरून चालतो. पारतंत्र्यात तसं धरता येत नाही.

जपान्यांनी हा काटा टाळलेला नाही. २०१५ मध्ये त्यांच्याकडे आलेला 'द ग्रेट एस अटर्नी' हा मेइजी काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, एका तरुण विद्यार्थ्याचा कोर्टातला गेम. पहिल्याच खटल्यात खरा गुन्हेगार सापडतो, पण तो परका नागरिक असल्यामुळे जपानी न्यायालयाला त्याला शिक्षाच देता येत नाही. गेम तसा विनोदी आहे, बटबटीतही, पण परक्यांनी लादलेल्या असमान तहांची ती चीड त्याने गमतीगमतीत पोरांच्या हातात दिली आहे.

मला जॅक्सन प्रकरणाचा गेम करायला सांगितला तर मी खेळाडूला पोलीस करणार नाही, क्रांतिकारकही नाही. मी त्याला दुभाषा करेन. पुढे नाशिक कटाचा खटला मुंबईत विशेष न्यायाधीशांपुढे, ज्युरीशिवाय चालला. जबान्या आणि कागद मराठीत, न्याय इंग्रजीत. तुमच्यासमोर एक पत्र आहे, घाईच्या मोडीत लिहिलेलं: 'सामान पोहोचते झाले.' सामान म्हणजे काय लिहिणार? वाणसामान, की हत्यारं? तुम्हाला मोडी येते, साहेबाला येत नाही. तुम्ही अचूक भाषांतर केलं तर एक माणूस अडकतो. मोघम केलं तर तुमची नोकरी जाते, कदाचित तुम्हीही आत जाता. हे मी हवेतून काढलेलं नाही. आजही साक्षीदार "लोटलं" म्हणतो, टंकलेखक "मारलं" टिपतो आणि मला उठून "साहेब, शब्द तपासावा" म्हणावं लागतं. एका क्रियापदाने कलम बदलतं.

अक्षरांवरून माणूस ओळखायला लावणारा एक गेम आधीच होऊन गेला आहे. 'पेंटिमेंट', २०२२ चा, सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडणारा. त्यात बोलण्याचा आवाज नाही; प्रत्येकाचं बोलणं वेगळ्या वळणात लिहिलं जातं. मठातल्या भिक्षूचं अक्षर एक, शेतकऱ्याचं दुसरं, छापखानेवाल्याचं तिसरं. एखाद्याबद्दल नायकाचा समज बदलला की त्या माणसाचं अक्षर बदलतं. मी तो खेळताना सारखी मोडीचा विचार करत होते. मोडी लिहिणारा कारकून, बालबोध लिहिणारा भिक्षुक, अंगठा देणारा कूळ, यांची अक्षरं आपल्या दप्तरखान्यांत पडून आहेत.

'पेंटिमेंट'मध्ये वेळ जेवणांनी मोजला जातो. आज दुपारी कोणाच्या घरी जेवायचं ते तुम्ही निवडता, कारण पंगतीत बसल्यावरच माहिती मिळते आणि सगळ्यांकडे जायला वेळ नसतो. अपुऱ्या पुराव्यावर तुम्ही कोणाकडे तरी बोट दाखवता, त्याचा जीव जातो आणि गाव पुढची वर्षानुवर्षं त्या निर्णयासोबत जगतं. तुम्ही बरोबर होतात का, हे गेम स्पष्टपणे सांगत नाही. फाशीच्या खटल्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ते जेवणाचं बटण १९३० च्या नाशकात आणून बघा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढे कित्येक वर्षं चालला तरी दरवाजा उघडला नाही. त्या नाशकात कोणाच्या घरी जेवायचं हे खेळाडू ठरवू शकत नाही; त्याची जात ठरवते. परदेशी डिटेक्टिव्ह राजवाड्यापासून तबेल्यापर्यंत कुठेही शिरतो, टोपी काढून दोन प्रश्न विचारतो. आपल्याकडे तो कुठल्या वाड्याच्या ओटीपर्यंत जाईल, कुठे अंगणातच थांबेल, कोणाच्या विहिरीवरची बायकांची कुजबुज त्याच्या कानावरच पडणार नाही? एकच खून, दोन खेळाडू, एक पंचवटीतल्या वाड्यातला आणि एक महारवाड्यातला. दोघांना मिळणारे पुरावे वेगळे, म्हणून दोघांचे गुन्हेगार वेगळे. जात म्हणजे काय हे सांगणारी शंभर भाषणं मी ऐकली आहेत. बंद दारासमोर बटण दाबत राहणं आणि दार न उघडणं, हे कुठलंही भाषण करू शकत नाही. असा गेम मला खेळायचा आहे, आणि तो मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत होईल असं वाटत नाही.

यावर दोन हरकती येतात. पहिली पालकांची: आधीच पोरं मोबाइलला चिकटलेली, त्यात तुम्ही आणखी गेम करा म्हणता? ही भीती खोटी नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांनी किती घरं धुतली हे कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेर उभं राहिलं की कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, बरंच झालं. पण आपल्याकडे 'गेम' म्हटलं की चर्चा रमीपाशी सुरू होते आणि व्यसनमुक्तीपाशी संपते. ओब्रा डिन दहा-बारा तासांत संपतो आणि एकदा उत्तरं कळली की पुन्हा खेळता येत नाही. व्यसन लावायला याच्याइतका नालायक प्रकार शोधून सापडणार नाही.

दुसरी हरकत जास्त वजनाची: हुतात्म्यांच्या मरणाचा खेळ करता? मी या प्रश्नाला झटकत नाही. कान्हेऱ्यांच्या हातातलं पिस्तूल खेळाडूच्या हातात देऊन ट्रिगर ओढायला लावणारा गेम कोणी केला तर मीच नोटीस पाठवीन. पण त्यांची पत्रं वाचायला लावणारा, त्यांच्यासोबतची पोरं कोण होती, त्यांतलं कोण का फुटलं, माफीचा साक्षीदार होताना माणसाच्या मनात काय चालतं हे विचारायला लावणारा गेम त्यांना मैदानावरच्या पाटीपेक्षा जास्त ओळख देईल. ती पाटी कितीजण वाचतात, पुढच्या सामन्याला जाल तेव्हा बघा.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी वेगळं धोरण मंजूर केलं आहे. इकडे २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. पैसा येणार म्हटल्यावर काय होणार याचा अंदाज मला आहे: घाटावर दिव्यांचा आणि आवाजाचा कार्यक्रम, आणि गेमच्या नावाखाली घोड्यावरून तलवार फिरवायचं काहीतरी. तलवारीला माझी ना नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' हा मारामारीचाच गेम केला आणि तो जगभर देखणा म्हणून गाजला. पण तलवारीच्या गेमला पैसा आणि माणसं लागतात. 'एल. ए. न्वार' करायला सात वर्षं गेली आणि तो आला त्याच वर्षी तो करणारी कंपनी बंद पडली. उलट 'द केस ऑफ द गोल्डन आयडल' हा अठराव्या शतकातल्या खुनांचा झकास गेम लाटव्हियातल्या दोन भावांनी केला. त्यात चित्रं जवळजवळ स्थिर, बाकी सगळा डोक्याचा खेळ. तपासाच्या गेमला लागतो तो अभ्यास, आणि तो आपल्याकडे पडून आहे. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, मोडी वाचणारी म्हातारी माणसं अजून आहेत, गॅझेटियर आहेत. त्या धोरणातला थोडा पैसा दप्तरं स्कॅन करायला आणि मोडी वाचणाऱ्यांना मानधन द्यायला गेला, तर चार इंजिनिअर पोरं बाकीचं कॉलेज रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसून करतील. फक्त परीक्षक मंडळात एखादा वकीलही असू द्या. इतिहासकार काय घडलं ते बघेल, आम्ही ते शाबीत होतं का ते बघू.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन अंजनेरीला गेले होते. तिथे १९८० पासून नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, संग्रहालय आहे. नाशिककर त्र्यंबकला जाताना समोरून जातात आणि आत शिरत नाहीत. काचेमागच्या नाण्यांसमोर उभं राहून मी त्याला जोगळटेंभीची सगळी गोष्ट सांगितली, आकड्यांसकट. पराभूत राजाचा चेहरा, त्यावर जेत्याचा ठसा, लेण्यातली आई. मला वाटलं, पोरगं भारावून जाईल. त्याने मोबाइल काढला आणि वजाबाकी केली.

"तेरा हजार दोनशे पन्नास वजा नऊ हजार दोनशे सत्तर. म्हणजे तीन हजार नऊशे ऐंशी नाण्यांवर ठसा मारलाच नाही. का?"

"वेळ मिळाला नसेल."

"मग सगळी एकत्र कशी पुरली? ठसा मारलेली वेगळी ठेवेल ना तो? पुरणारा राजाचा माणूस होता की व्यापारी?"

मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्याने खोडलं. त्याने एक मांडलं, ते मी उलटतपासात पाडलं. त्र्यंबक रोडने गाडी सातपूरच्या सिग्नलला आली तरी आमचं एकमत झालं नव्हतं.